आधी इचारू, मंग खोलू

मिस्त्री कुठल्याही यंत्राला आधी उलटा हात लावत. आई मुलाच्या कपाळाला लावते तसा, बोटांची मागची बाजू टेकवून. रेडिओ असो, विहिरीवरच्या पंपाची मोटार असो, की गिरणीचा स्टार्टर. बोटं टेकवायची, क्षणभर डोळे मिटायचे आणि मग समोरच्याला म्हणायचं, "आधी इचारू, मंग खोलू."

या उलट्या हाताचं कारण मी एकदा विचारलं होतं. त्यांनी सांगितलं की यंत्रात करंट उतरला असेल तर सरळ हात त्याला घट्ट धरून बसतो, उलटा हात झटक्यासरशी मागे येतो. मला वाटलं होतं की ही माया आहे. निघाली ती खबरदारी. पुढे कळलं की त्यांच्या बाबतीत या दोन गोष्टी फारशा वेगळ्या नव्हत्या.

मुक्ता, ईशान, गेल्या रविवारी तुम्ही फोनवर सांगितलंत, की सुट्टीत भाड्यानं घेतलेल्या त्या घरासारख्या गाडीतले दिवे जंगलात गेले, आणि दुरुस्ती करणाऱ्यानं आतली पेटी न उघडताच काढून नवी बसवली. मुक्तानं विचारलं, "आजी, जुनीला काय झालं होतं ते त्यानं बघितलं का नाही?" तेव्हापासून मिस्त्री माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. तशीच एक पेटी आमच्याही गाडीत होती.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी आर्वीला एका संस्थेच्या फिरत्या नेत्रपथकाची व्यवस्था पाहत होते. कुणीतरी परदेशातून देणगी म्हणून दिलेली एक मोठी पांढरी गाडी होती. तिच्यात एक टेबल, त्यावर ऑपरेशनचा दिवा, एक लहान पंखा, एक लहान पंप. नागपूरहून डॉक्टर हिवाळ्यात महिन्यातून एकदा येत आणि गावात गाडी उभी करून दिवसभर मोतीबिंदू काढत. गावातल्या खांबावरून वीज घ्यायची, ती बाकाखालच्या लोखंडी पेटीत जायची. पेटी तिला बारा व्होल्टची आणि एका दिशेची करायची. त्यावर दिवा चालायचा, बॅटरीही भरायची. पेटीवर इंग्रजीत पॉवर कन्व्हर्टर असं लिहिलेलं होतं, पण आम्ही सगळे तिला पेटीच म्हणत असू.

मिस्त्रींचं दुकान बसस्टँडच्या मागे होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक स्टूल आणि भिंतीला टांगलेली उघडीवाघडी यंत्रं. किडकिडीत अंगाचे, खाकी शर्ट, वरच्या खिशात काडेपेटी. बिडी ओढत नसत. काडेपेटीत लहानसहान पुर्जे असत. मीटर त्यांच्याकडे नव्हता. एक टॉर्चचा बल्ब, दोन सेल आणि वायरचे दोन तुकडे, एवढ्यावर ते रोग ओळखत.

शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या एका मास्तरांचा रेडिओ संध्याकाळच्या बातम्यांनाच खरखरायचा. मास्तर तो घेऊन आले. मिस्त्रींनी तासभर त्यांना प्रश्न विचारले आणि रेडिओ न उघडता परत दिला. मग संध्याकाळी स्वतः जाऊन मास्तरांच्या ओट्यावर बसले. बातम्यांच्या वेळेला शेजारच्या घरात ट्यूबलाइट लागली आणि रेडिओ खरखरला. मिस्त्रींनी शेजाऱ्याची ट्यूब दुरुस्त केली. मास्तर कितीतरी दिवस सांगत फिरत होते, की हा माणूस दुखतं तिथं पाहत नाही.

आमची पेटी पहिल्यांदा बिघडली ती आष्टीकडच्या एका गावात. सहा ऑपरेशनं झाली होती. दिवा हळूहळू पिवळा पडला, फ्यूज उडाला आणि मग म्हाताऱ्या बॅटरीनं दहा मिनिटांत मान टाकली. चौदा माणसं उरली होती. प्रत्येकाच्या पापण्यांचे केस कापलेले, कोणता डोळा ते कळावं म्हणून भुवईच्या वर शाईची खूण केलेली. त्या खुणांसकट ती बैलगाड्यांत बसून परत गेली. त्यातल्या भागाबाई नावाच्या आजी जाता जाता मला म्हणाल्या, "बाई, हे शाई मी पुसत नाई. तुमी येजा." मी हो म्हणाले.

पेटी मिस्त्रींकडे गेली. त्यांनी उलटा हात लावला, मग प्रश्न सुरू केले. किती वाजता लावली, किती वेळ चालली, पंखा चालू होता का, पंप चालू होता का, आधी दिवा पिवळा पडला की आधी फ्यूज उडाला. माझी वही माझ्याजवळ होती, त्यामुळे मी सगळ्याची उत्तरं घड्याळासकट दिली. ते खूश झाले. शेवटी त्यांनी विचारलं, "पेटीवर काई ठेवता काय? ट्रंक, चादरी, काई?"

मी ठामपणे सांगितलं, की माझ्या गाडीत पेटीवर एक कागदसुद्धा कुणी ठेवत नाही. आणि ते माझ्या मते शंभर टक्के खरं होतं.

मग त्यांनी पेटी उघडली. आत ॲल्युमिनियमच्या पट्टीवर चार डायोड बसवलेले होते. डायोड म्हणजे एक दार, त्यांनी मला समजावलं, करंटाला बाहेर जाऊ देते, परत येऊ देत नाही. टॉर्चचा बल्ब जोडून त्यांनी एकेक दार तपासलं. एका बाजूनं बल्ब लागला पाहिजे, उलट्या बाजूनं लागता कामा नये. मागच्या कोपऱ्यातला डायोड दोन्ही बाजूंनी बल्ब लावत होता. त्याचं दार मोडलं होतं. तो बदलला.

पुढच्या शिबिरात पुन्हा तेच झालं. तोच कोपरा, तसाच मेलेला डायोड. तो बदलून आम्ही तिसऱ्या शिबिराला गेलो, आणि पावणेदोन तासांनी दिवा पुन्हा पिवळा पडला. पण या खेपेला दुकानात तपासलं तर चारही डायोड ठणठणीत निघाले. मिस्त्रींनी ट्रकच्या हेडलाइटचे दोन बल्ब जोडून पेटी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत चालवली. ती गुणी मुलीसारखी चालली.

आमचा ड्रायव्हर गुलाबराव पेटी न्यायला आला तेव्हा मिस्त्री तिच्यासमोर गालाला हात लावून बसले होते. गुलाबराव म्हणाला, "मिस्त्री, पेटीची पत्रिका पाहून राह्यले काय?"

मिस्त्री मान न वळवता म्हणाले, "पेटीची झाली पाहून. आता तुह्या गाडीची पाह्यतो. मले तिलेच मंगळ दिसून राह्यला."

गंमत इथपर्यंतच होती. डॉक्टरांनी निरोप पाठवला होता, की अर्धी माणसं परत पाठवण्यासाठी आपण येणार नाही, पुढचं, रोहणा गावचं शिबिर ही शेवटची खेप. संस्थेचे चिटणीस त्याहून पुढे गेले. रोहण्याला पेटी बंद पडली तर गाडी शहरातल्या एका इस्पितळाला देऊन टाकायची, असं त्यांनी बैठकीत ठरवून घेतलं. शिवाय हा मिस्त्री जुन्या रेडिओतले पुर्जे काढून लावत असणार, असंही ते बोलून गेले. हे आर्वीसारख्या गावात मिस्त्रींच्या कानावर जायला दुपार पुरली.

मला वाटलं ते आता पेटीला हात लावणार नाहीत. ते दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या फाटकात उभे. हातात पिशवी, पिशवीत कथलाचं वेटोळं आणि डाग द्यायचा काविया.

"माह्या दुकानात ते बिमार पडत नाई, बाई," ते म्हणाले. "तुमच्या गाडीत पडते. मंग मले गाडीत येऊ द्या. डायोड मरते थे समजलं. काऊन मरते थे समजल्याबिगर मी हटत नाई."

रोहण्याला आम्ही शाळेच्या आवारात गाडी लावली. यादीत एकवीस नावं होती. सहाव्या नावावर भागाबाई. त्या आष्टीकडून दोन एसट्या बदलून आल्या होत्या आणि शाईची खूण खरोखरच त्यांनी पुसली नव्हती, रोज काजळ लावून ठळक ठेवली होती. मला म्हणाल्या, "पापण्या पुन्हा उगवल्या, बाई. कापा."

मिस्त्रींना मी गाडीच्या आत घेऊ शकत नव्हते. आत डॉक्टर, सिस्टर आणि मी, तिघंच. डोळा उघडा असताना चौथा माणूस आत नको, हा नियम माझाच होता. येतानाही ते पुढे गुलाबरावच्या शेजारी बसून आले होते, मागचा भाग त्यांनी पाहिलाच नव्हता. ते बाहेर, पेटीच्या बाजूच्या खिडकीखाली, शाळेच्या बाकावर बसले.

नऊ वाजता सुरू झालं. चार ऑपरेशनं नीट झाली. पाचवं चालू असताना खिडकीच्या पडद्यामागून हळू आवाज आला. "बाई, आवाज दबून राह्यला."

मी म्हटलं, दिवा तर चांगला आहे.

"दिवा असू द्या. पेटी दुकानात मोकळ्यानं गुणगुणते. इथं गोधडीतून बोलल्यावाणी बोलून राह्यली. जरा उलटा हात लावा तिले."

मी वाकले आणि हात लावला. सांगितलं, की कोमट आहे, फार नाही.

"कुठं लावला हात?"

"खोळीवर."

बाहेर बाक सरकला. मग ते म्हणाले, "कोणती खोळ, बाई?"

आता तुम्हाला ती खोळ कोणती ते सांगते. आर्वीतून बाहेर पडलं की काळ्या मातीचे रस्ते, त्यांची धूळ पिठासारखी. आमच्या घरी रेडिओला खोळ होती, शिलाई मशीनला होती, पितळी डब्यांनाही होती. तशीच मी पेटीलाही शिवली होती. घरच्या सुताची जाड खादी, दुहेरी, चारी बाजूंनी अंगासरशी बसणारी, खाली नाडी आणि कडेनं निळ्या दोऱ्याचा धावदोरा. पुढे बटणासाठी एक झडप ठेवली होती, तेवढी उचलून पेटी चालू करायची. दुरुस्तीला पाठवताना खोळीला तेलाचे डाग पडू नयेत म्हणून मी ती काढून घडी करून कपाटात ठेवत असे. परत आली की पुन्हा घालायची. मिस्त्रींनी विचारलं होतं, पेटीवर काही ठेवता का. खोळ ही ठेवायची वस्तू आहे असं माझ्या मनातच आलं नाही. ती माझ्या लेखी पेटीचाच भाग होती, जसा माणसाचा सदरा.

मी नाडी सोडली. खोळ वर ओढली तशी आतली गरम हवा तोंडावर आली. पेटीच्या बाजूला हवेसाठी भोकांच्या रांगा होत्या, त्या मी तीन शिबिरं खादीनं बंद करून ठेवल्या होत्या. लोखंडाला हात लागला आणि आपोआप मागे आला.

त्याच वेळी दिवा पिवळा पडू लागला. टेबलावर पाचव्या माणसाचा डोळा उघडा होता. डॉक्टर मान वर न करता म्हणाले, मला पाच मिनिटं लागतील.

मिस्त्रींचा आवाज चढला नाही. त्यांनी खिडकीतून एकेक गोष्ट सांगितली आणि मी एकेक केली. पंखा बंद. पंप बंद. पेटीचं बटण बंद, म्हणजे फ्यूज उडायच्या आधीच दिवा बॅटरीवर येईल. एकटा दिवा असला तर बॅटरी तेवढं ओढेल. मी घड्याळ पाहत होते. डॉक्टरांनी शेवटचा टाका घातला तेव्हा दिव्याचा रंग चहासारखा झाला होता, पण तो होता.

पेटी बाहेर आली. मिस्त्रींनी ती बाकावर ठेवून गरम असतानाच उघडली. मागच्या कोपऱ्यातल्या डायोडला टॉर्चचा बल्ब जोडला. एका बाजूनं लागला. उलट्या बाजूनंही लागला, मंद, लालसर. मग त्यांनी ओला फडका पिळून त्या डायोडवर धरला आणि मला पाहायला सांगितलं. उलट्या बाजूचा बल्ब हळूहळू विझला.

"पाहा. गरम झाला का चोर, थंडा झाला का साव. मागल्या बारीले दुकानात येता येता थंडा झाला व्हता. मी साव म्हणून वापस पाठवला."

काडेपेटीतून त्यांनी नवा डायोड काढला. काविया तापवायला सिस्टरचा स्टोव्ह हवा होता. त्यावर हत्यारं उकळत होती आणि सिस्टर तो द्यायला तयार नव्हती. मिस्त्री तिला म्हणाले, की तुमच्या हत्याराले उजेड लागते का नाई ते सांगा, मंग ठरवू. तिनं भांडं उतरवलं.

भागाबाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या, पापण्या कापून, सहाव्या नंबरची वाट पाहत. आपला नंबर कुठल्यातरी पेटीशी अडलाय एवढं त्यांना कळलं होतं. त्या मिस्त्रींकडे धुरकट डोळ्यांनी पाहत म्हणाल्या, "तुह्यामुळं अडलं काय रे बाबा?"

मी पुढे झाले. मला बोलायचं होतं. मिस्त्रींनी मान वर केली नाही, कथील वितळवत होते.

"हो माय," ते म्हणाले. "माह्यामुळंच. झालंच आता."

"मागच्या बारीलेही तूच व्हता?"

"मीच व्हतो."

"मंग नीट कर," भागाबाई म्हणाल्या, आणि पदर सारखा करून बसल्या.

चाळीस मिनिटांनी पेटी परत बाकाखाली गेली, उघडीबोडकी. मिस्त्रींनी तिच्या दोन्ही बाजूंना एकेक विटेची जागा मोकळी ठेवायला सांगितली. सहावं नाव पुकारलं. मग सातवं, आठवं. डॉक्टरांनी जेवणाची सुट्टी घेतली नाही, केळी खाल्ली. संध्याकाळी साडेपाचला एकविसावी पट्टी बांधून झाली, तेव्हा दिवा सकाळी होता तसाच पांढरा होता.

आर्वीला परतल्यावर चिटणीसांनी विचारलं, काय निघालं शेवटी? मिस्त्री म्हणाले, "एक पुर्जा कच्चा व्हता साहेब." चिटणीसांच्या चेहऱ्यावर, मी म्हणत होतो ना, असं स्पष्ट दिसलं.

मग मी सांगितलं. खोळ, खादी, नाडी, झडप, सगळं. शिबिराच्या अहवालात बिघाडाचं कारण या रकान्यातही लिहिलं, की पेटीला व्यवस्थापिकेने खोळ घातल्यामुळे ती तापत असे, पुर्ज्यांत किंवा दुरुस्तीत दोष नव्हता. चिटणीस बराच वेळ तो कागद वाचत बसले. गाडी देऊन टाकायची गोष्ट त्यानंतर कुणी काढली नाही.

मिस्त्री मात्र चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला कळेना. शेवटी दुकानात जाऊन विचारलं.

"तुमी काऊन सांगतलं, बाई?" ते म्हणाले. "पुर्जा कच्चा व्हता म्हटलं तर एक दिवस लोक म्हणतीन का मिस्त्रीनं खराब माल लावला. आता जलमभर म्हणून राह्यतीन का मिस्त्रीले कपडा सापडाले तीन शिबिरं लागले."

मी म्हटलं, कपडा माझा होता.

"थे मी कोठी नाई म्हणतो. पण सवाल इचारणारा मीच व्हतो ना. पेटीवर काई ठेवता काय, असं इचारलं. पेटीले काई घालता काय, असं इचाराले पाह्यजे व्हतं. अर्धा सवाल माहा चुकला." मग थोड्या वेळानं हसले. "अर्धा तुमचा."

पुढच्या शिबिराला ते न बोलावता आले. त्याच्या पुढच्यालाही. माझा नियम त्यांनी कधी मोडला नाही, आत आले नाहीत. गाडीच्या मागच्या दाराच्या पायरीवर उजवीकडे अंग चोरून बसत आणि पेटीचं गुणगुणणं ऐकत. पायरी अरुंद होती. सिस्टर, मी, डॉक्टर, आणि हात धरून आत नेलेले सगळे म्हातारेकोतारे त्यांना वळसा घालून डाव्या बाजूनं चढत आणि उतरत. गुलाबराव म्हणायचा, की गाडीले आता दोन पायऱ्या हाय, एक लोखंडाची अन् एक मिस्त्रीची. मिस्त्री म्हणायचे, लोखंडाची गंजली, माही पाह्यजा. सात हिवाळे असे गेले. त्या सात हिवाळ्यांत दिव्यानं एकदाही रंग बदलला नाही, आणि पापण्या कापलेलं एकही माणूस आम्ही परत पाठवलं नाही.

आठव्या वर्षी दिवाळीनंतर ते गेले. चार दिवस ताप होता, एवढंच. दहा दिवसांनी केळझरच्या बाजूला शिबिर होतं. ते पुढे ढकलावं का, असं मी गुलाबरावला विचारलं. तो म्हणाला, "ढकलू नका बाई. थे आत येत नव्हतेच."

त्या दिवशी तेवीस ऑपरेशनं झाली. पेटी दिवसभर मोकळ्या आवाजात गुणगुणत होती. नागपूरचे डॉक्टर बदलून नवे आले होते. त्यांना पेटीबद्दल काही माहीत नव्हतं, आणि माहीत व्हावं असं काही घडलंही नाही.

मी दाराशी यादी घेऊन उभी होते. एकेक नाव पुकारत होते. सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन आली, पायरीपाशी थांबली, साडी जराशी उचलली आणि डाव्या बाजूनं चढली. गुलाबराव पाण्याची बादली घेऊन आला, तोही डावीकडून. मग तो एका आजोबांना हाताला धरून घेऊन आला. आजोबा पहिल्यांदाच येत होते, त्यांना दिसतही नव्हतं, ते सरळ पायरीच्या मधोमध पाय ठेवायला निघाले. गुलाबरावनं त्यांचा दंड धरून त्यांना हळूच डावीकडे घेतलं.

"इकून, बाबा," तो म्हणाला.

उजवीकडे पायरीवर ऊन पडलं होतं. कुणीच तिथं पाय ठेवला नाही, संध्याकाळपर्यंत.